नावाला ओ

१

दत्तोपंत शिरस्तेदारांच्या वेडाला खडेबाजारातल्या लोकांनी पुष्कळ नावं ठेवून पाहिली आणि शेवटी कंटाळून नाद सोडला. हे गृहस्थ संध्याकाळी कोर्टातून परत यायचे, पगडी खुंटीला लावायचे, पाय धुऊन चहा घ्यायचे आणि माडीवर जाऊन रेडिओपुढे बसायचे. जेवणाची हाक येईपर्यंत मग ते कुणाचेच नसत.

रेडिओ बाजारात आणखी दोन-चार घरांत होता, पण तिथं लोक गाणी ऐकत, बातम्या ऐकत. दत्तोपंतांना ठणठणीत ऐकू येणारं स्टेशन पाणचट वाटायचं. मुंबई काय, कुणीही ऐकेल! त्यांना हवं असायचं ते लांबचं, अशक्त, मरतुकडं स्टेशन, जे खरखरीच्या आडून दोन वाक्यं बोलतं आणि बुडून जातं. उजेड आणि अंधार एकमेकांना शिवतात तेवढ्या वेळात असली दुबळी स्टेशनं दूरवर पोचतात, असा त्यांचा अनुभव होता. त्यासाठी त्यांनी छपरावर एरियल ताणली होती आणि जमिनीची तार चक्क परसातल्या तुळशीवृंदावनात पुरली होती. तिथल्या मातीला रोज पाणी मिळतं आणि ओल्या मातीनं आवाज खुलतो, हा त्यामागचा हिशेब.

"उद्या देवाच्या डोक्यावर खांब रोवाल," त्यांच्या पत्नी यशोदाबाई म्हणाल्या होत्या.

त्यांचा एकुलता एक मुलगा रघुवीर या वेडात लहानपणीच सामील झाला. तारेचं वेटोळं कसं गुंडाळायचं ते बापानंच त्याला शिकवलं. वळसा वळशाला चिकटून, मध्ये केसभर फट नको, आणि शेवटचं टोक आतल्या वळशाखाली खुपसून टाकायचं. गाठ मारायची नाही. बापलेकांच्या हातच्या वेटोळ्यांत फरक ओळखू येत नसे. त्या हातांचं कौतुक पुढं फार महागात पडलं. लढाई सुरू झाली, फौजेला बिनतारीवर बसणारी पोरं हवी होती, आणि नुकतंच लग्न होऊन आलेल्या त्याच्या बायकोला, वासंतीला, सासरी नीट रुळायला वेळ मिळायच्या आत रघुवीर आफ्रिकेच्या वाळवंटात जाऊन पोचला. तिथून तार आली. बेपत्ता, बहुधा मृत.

'बहुधा' या शब्दानं एखादं घर कसं पोखरतं, ते तार लिहिणाऱ्याला कधी कळत नाही.

२

त्या तारेनंतर काही दिवसांनी दत्तोपंतांना ते स्टेशन सापडलं. दोन मोठ्या स्टेशनांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, काटा केसभर हलला तरी निसटणारं. कुठल्याशा छावणीतून कैद झालेल्या हिंदी शिपायांची नावं तिथं वाचली जात. कधी परका माणूस अडखळत वाचायचा, कधी शिपाई स्वतःच नाव-गाव सांगून घरच्यांना खुशाली कळवायचा. शत्रूचं स्टेशन ऐकणं सरकारी नोकराला परवडणारं नव्हतं. दत्तोपंतांनी काचेवर त्या जागी खिळ्यानं बारीक ओरखडा काढला आणि रोज तिथं कान लावला.

रघुवीरचं नाव काही येईना. आलं ते येळ्ळूरच्या मष्णूचं. दत्तोपंत सायकल काढून स्वतः येळ्ळूरला गेले आणि त्याच्या आईला, रुक्माबाईला, सांगून आले. बाईचा विश्वास बसेना. पुढं सरकारी कार्डानं तेच कळवलं, तेव्हा ती नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन खडेबाजारात आली आणि माडीवर चढून तिनं रेडिओलाच हात जोडले.

"पंत, लई मोटं काम केलासा बगा. आता तुमच्या रघूचं बी नाव येतंय का न्हाय बगा की!"

"येईल," दत्तोपंत म्हणाले.

तेव्हापासून ती बाजाराच्या दिवशी भाजी विकून झाली की घटकाभर येऊन बसायची. मष्णू पुढं जखमी कैद्यांच्या अदलाबदलीत सुटून लंगडत का होईना, घरी आला. तरी तिचं येणं सुटलं नाही. दुसऱ्याच्या पोरासाठी ती जीव मुठीत धरून ऐकायची, आणि दत्तोपंतांना तिचा आधारही वाटायचा आणि थोडा हेवाही.

३

वर्ष उलटून गेलं. यशोदाबाईंना स्वप्नात रघू पाणी मागू लागला. पहिल्यांदा त्या रडल्या, मग त्यांनी उपास धरले, आणि एके सकाळी परशरामभटांना बोलावून आणलं.

"देह सापडला नाही म्हणून क्रिया अडवून धरायची नसते," भटजी म्हणाले. "पळसाची आकृती करू आणि तिला अग्नी देऊ. जीव तळमळत ठेवणं बरं नव्हे."

"आणि तो असला तर?" दत्तोपंतांनी विचारलं.

"असता तर तुमच्या त्या डब्यातून एव्हाना बोलला नसता?" यशोदाबाई एवढ्या जोरात म्हणाल्या की स्वयंपाकघरात वासंतीच्या हातून पळी पडली.

दत्तोपंत क्रियेला तयार झाले. मार्कंडेय नदीच्या काठी दर्भाच्या अंथरुणावर पळसाची पानं देठांसकट रचून माणूस केला. डोक्याच्या जागी नारळ आला. भटजींनी लोकरीचा पांढरा दोरा हातात दिला आणि ते सगळं बांधून घ्यायला सांगितलं. दत्तोपंतांच्या डोळ्यांना धड दिसत नव्हतं, पण हातांना दुसरं काही येतच नव्हतं. वळसा वळशाला चिकटून, मध्ये फट न ठेवता त्यांनी तो पानांचा माणूस पायापासून मानेपर्यंत गुंडाळला आणि टोक आतल्या वळशाखाली खुपसलं.

"अहो, रेडिओ बांधताय का?" परशरामभट पुटपुटले. मग वर जवाच्या पिठाचा लेप दिला, पाय दक्षिणेला केले आणि दत्तोपंतांनी अग्नी दिला. पानं वाळकी होती. पेटताना त्यांची जी खरखर झाली ती ऐकून दत्तोपंतांनी मान वर केली. ही खरखर आपल्या ओळखीची आहे असं त्यांना वाटलं, पण कुठली ते आठवेना.

घरी वासंतीचं कुंकू पुसलं गेलं. ती रडली नाही. तिनं फक्त बांगड्यांचे तुकडे स्वतःच गोळा केले.

४

त्याच संध्याकाळी दत्तोपंत माडीवर जाऊन बसले. ऐकायचं काही उरलं नव्हतं. सवय होती, एवढंच. काटा ओरखड्यापाशी आणला, खरखर आली, आणि तिच्या आडून आवाज आला.

"मी रघुवीर दत्तात्रय. खडेबाजार, बेळगाव. अप्पा, मी खुशाल आहे. आईला सांगा."

आवाज तोच. 'सांगा' म्हणताना किंचित खाली उतरणारा. स्टेशन बुडालं. मग दत्तोपंतांच्या डोक्यात कोर्टातला माणूस जागा झाला आणि वकिली करू लागला. हा आवाज आजचा कशावरून? मुलगा मरायच्या आधी तबकडीवर घेऊन ठेवला असेल. शत्रू लबाड असतो. आपलं मन आज ठिकाणावर नाही. आणि एका वाक्यावर विश्वास ठेवून घर पुन्हा पेटवायचं का?

हे सगळं बोलायला ठीक होतं. खरी गोष्ट एवढीच होती की, पोराला आपण जिवंतपणी अग्नी दिला हे बायकोच्या तोंडावर सांगायची छाती त्यांच्यात नव्हती. ते खाली गेले आणि मुकाट्यानं जेवले. वासंतीनं रिकाम्या कपाळानं त्यांना ताक वाढलं.

आवाज अधूनमधून येत राहिला. दत्तोपंतांनी ते घरात कधीच कुणाला सांगितलं नाही. रुक्माबाई यायची त्या दिवशी तर ते काटा मुद्दामच भलतीकडे ठेवायचे.

५

लढाई संपली आणि दुसरी तार आली. रघुवीर जिवंत आहे, छावणीतून सुटला आहे, येतो आहे.

त्या दिवशी त्या घरात काय झालं ते लिहिण्यात अर्थ नाही. यशोदाबाई हसत होत्या की रडत होत्या ते त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. दत्तोपंत बेळगाव स्टेशनवर गेले. गाडीतून खाकी कपड्यातला एक हडकुळा माणूस उतरला, सरळ त्यांच्याकडे चालत आला आणि पाया पडला. तोंड रघूचं, कपाळ रघूचं, हनुवटीवरचा लहानपणचा व्रणसुद्धा जागच्या जागी.

"रघू!" दत्तोपंत म्हणाले.

"ओ, अप्पा," तो म्हणाला.

तेवढ्यानं दत्तोपंत खुळ्यासारखे रडले. सुखच तेवढं होतं.

खोट पुढं हळूहळू दिसू लागली, आणि प्रत्येक खोटीला घरात एक शहाणं उत्तर तयार होतं. रघू चुलीजवळ जात नसे. निखारा फुलला की उठून परसात जायचा. लढाईत काय काय पाहिलं असेल बिचाऱ्यानं, असं यशोदाबाई म्हणत. तो पुढच्या सोप्यात झोपायचा ते दक्षिणेकडे पाय करून. आईनं अंथरूण फिरवून घातलं तरी उजाडता पाय दक्षिणेलाच. छावणीत कुठली आल्येय दिशा! माडीवर तो एकदाही चढला नाही. ज्या डब्यापुढं तो लहानाचा मोठा झाला त्याच्याबद्दल त्यानं एक शब्द विचारला नाही. वीट आला असेल, बिनतारीपायीच तर गेला होता.

आणि तो कुशीवर वळला की खरखर व्हायची. अगदी बारीक. दत्तोपंतांनी चटई बदलून घोंगडं घातलं. खरखर घोंगड्यावरही झाली. चटईची असती तर बरं झालं असतं.

६

मुलगा घरात आल्यावर माडीवर जायचं दत्तोपंतांना कारण नव्हतं. तरी ते गेले. आता तिथं काही नसणार, याची खात्री करून घ्यायला गेले. लढाई संपली होती. छावण्या मोडल्या होत्या. कैदी नव्हते, तर नावं वाचणारं स्टेशन कुठून असणार?

नेमका बाजाराचा दिवस होता. रुक्माबाई भाजीची रिकामी बुट्टी उंबऱ्याशी ठेवून, सोप्यात रघूशी दोन शब्द बोलून मागोमाग वर आली. पोर परत आल्याचा आनंद बोलून दाखवायचा होता तिला. खाली सोप्यात रघू जेवायला बसला होता. ताटवाटीचे आवाज आणि यशोदाबाईंचं 'घे रे अजून' वर ऐकू येत होतं. दत्तोपंतांनी काटा ओरखड्यावर आणला.

खरखर आली. मग आवाज आला. पूर्वीपेक्षा लांबून, धाप लागल्यासारखा.

"मी रघुवीर दत्तात्रय. खडेबाजार, बेळगाव. अप्पा, ऐकताय ना? सगळे गेले. दारात उभं करून नावं पुकारली. माझं नाव पुकारलं तेव्हा मी ओ देणार तेवढ्यात मागून दुसऱ्याच कुणी तरी ओ दिली आणि तो गाडीत चढला. मी ओरडलो, अप्पा. कुणी वळून पाहिलं नाही. इथं आता कुणीच नाही."

आवाज बुडाला. रुक्माबाईनं पदर तोंडात धरला होता.

"पंत," ती हळू म्हणाली, "ह्यो तर रघूचा आवाज न्हवं?"

"जुनं असतं ते. तबकडी लावतात."

"व्हय? तबकडी?" तिनं जिन्याकडं पाहिलं. खालून रघूनं आईकडं भात मागितला. आवाजात काही फरक नव्हता, तसूभरही नव्हता. "मग सगळे गेले म्हणून तबकडीवर कसं आलं वो? आनि ह्यो हितं बोलतोय, तर खाली जेवतोय त्यो कोन?"

दत्तोपंत तिच्यावर खेकसले. खेडवळ बाई, तुला काय कळतं रेडिओतलं, असं काहीबाही बोलले. जाताना सोप्यातून न जाता ती परसदारानं गेली, आणि बुट्टी उंबऱ्याशी तशीच विसरली. ती पुन्हा आली नाही.

७

आता एक अडचण शिल्लक होती आणि ती शास्त्राची होती. ज्याची क्रिया झाली तो शास्त्रापुढं मेलेला. परत आला तरी त्याला नव्यानं जन्म द्यावा लागतो. तुपानं न्हाऊ घालायचं, जातकर्म करायचं, बापानं कानात नाव सांगायचं, मुंज लावायची, आणि मग त्याच्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न. तोवर वासंतीला कुंकू नाही. परशरामभटांनी मुहूर्तही काढून दिला.

"थोडं थांबू या," दत्तोपंत म्हणाले.

"कशासाठी?" यशोदाबाईंनी विचारलं.

दत्तोपंतांनी वासंतीकडे पाहिलं. दाराआड उभी होती पोरगी. वर्षभर तिनं तक्रारीचा शब्द काढला नव्हता, पण त्या क्षणी तिच्या नजरेत इतकी लाचारी होती की दत्तोपंतांना स्वतःची शिसारी आली. आपण पहिल्याच संध्याकाळी तोंड उघडलं असतं तर हिचं कपाळ असं उघडं पडलं नसतं, आणि आजची वेळही आली नसती.

विधीच्या आदल्या संध्याकाळी स्टेशनवर खरखरच फार होती. तिच्यातून एवढंच कळलं, "अप्पा, माझ्यापाशी आता दुसरं काही नाही. नाव तेवढं राहू द्या."

दुसऱ्या दिवशी सोप्यात पाट मांडला. तुपानं माखलेला रघू नव्या बाळासारखा धुवट कापडात गुंडाळून बसवला होता. होमकुंड त्याच्यापासून चांगलं लांब होतं, त्यानंच तशी विनंती केली होती. परशरामभट म्हणाले, "हं, दत्तोपंत. उजव्या कानात नाव."

दत्तोपंत वाकले. तुपाचा वास आला आणि तुपाखालून वाळक्या पानांचा. कानामागं, मानेवरच्या केसांच्या मुळाशी, काहीतरी पांढरं दिसलं. घोंगड्याची लोकर असेल म्हणून काढायला त्यांनी बोट लावलं. निघालं नाही. तो दोरा होता. तुपानं केस चिकटून बाजूला झाले होते आणि तेवढ्या जागेत दिसत होतं, वळसा वळशाला चिकटून, मध्ये केसभर फट नाही. टोक आतल्या वळशाखाली खुपसलेलं होतं.

त्यांचाच हात होता तो. कोर्टात शपथेवर सांगितलं असतं.

ते टोक ओढलं असतं तर काय झालं असतं, हा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. बोट टोकावर होतं. पलीकडं यशोदाबाई हात जोडून उभ्या होत्या. वासंतीच्या हातात कुंकवाचा करंडा होता. रघूनं मान जराही न वळवता अगदी हलक्या आवाजात म्हटलं, "सांगा ना, अप्पा. सगळे थांबलेत."

दत्तोपंतांनी बोट काढून घेतलं आणि कानात नाव सांगितलं.

"ओ," तो म्हणाला.

८

पुढचे विधीही उरकले आणि वासंती त्या संध्याकाळी भरल्या कपाळानं सगळ्या आळीत हळदीकुंकू देऊन आली. यशोदाबाईंनी पुरण घातलं होतं. घर कसं भरल्यासारखं दिसत होतं, आणि त्या भरल्या घरातून उठून दत्तोपंत माडीवर गेले. उन्हं कौलांवरून उतरत होती. त्यांनी काटा ओरखड्यावर आणला.

खरखर नव्हती. पहिल्यांदाच स्टेशन स्वच्छ लागलं होतं, अगदी मुंबईसारखं. कुणी तरी श्वास घेत होतं.

"मी," आवाज म्हणाला. मग थांबला. "मी... खडेबाजार, बेळगाव. अप्पा, मी..."

तो पुन्हा थांबला. अंधारात एखादी वस्तू चाचपावी तसं ते थांबणं होतं.

"अप्पा, मी कोण? मला तुम्ही काय म्हणत होता?"

इतकी वर्षं दत्तोपंतांनी जगातली दुबळी स्टेशनं पकडण्यात घालवली होती. हा डबा फक्त ऐकतो, याच्यातून आपला शब्द पलीकडं जात नाही, हे त्यांच्याइतकं बाजारात कुणाला माहीत नव्हतं. तरीही त्यांनी दोन्ही हातांनी रेडिओ धरला, त्याच्या जाळीच्या कापडाला तोंड लावलं आणि छाती फुटेल इतक्या जोरात हाक मारली.

"रघू! अरे रघुवीर!"

डब्यातला श्वास क्षणभर थांबला. मग तो दूर दूर जात बारीक झाला आणि काचेवरच्या त्या ओरखड्यापाशी काहीच उरलं नाही.

"ओ, अप्पा!" खालून उत्तर आलं. "आलो."

आणि जो जिना त्यानं घरी आल्यापासून कधी चढला नव्हता, त्याच्या पायऱ्यांवर खरखर वाजू लागली.